ग्वाटेमालास केव्हां जावें ?

आमच्या घरांत सध्यां दोन पक्ष पडले आहेत, आणि त्यांचा वाद राजकारणावरून नसून ऋतूवरून आहे. आमच्या आक्काचा धाकटा मुलगा गेलीं कांहीं वर्षें मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशाच्या राजधानींत नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. त्याच्याकडे २०२३ च्या एप्रिलांत दादा व वहिनी जाऊन आलीं. २०२५ सालीं भाऊबीज आटोपतांच आम्ही उभयतां जाऊन आलों. आणि आतां आक्काची पाळी आहे. आक्काचें वय बहात्तर. येथून थेट विमान नाहीं. युरोपांत किंवा अमेरिकेंत उतरून दुसरें धरावें लागतें, आणि बसून बसून पाय सुजतात. "हा प्रवास माझ्या हातून एकदांच व्हायचा, तेव्हां महिना नीट पाहून सांगा," असें तिनें दादांस व आम्हांस बजावलें आहे. दादा म्हणतात चैत्र, आम्ही म्हणतों कार्तिक. वहिनी दादांच्या बाजूस, आमचें कुटुंब आमच्या बाजूस. म्हणजे मतें समसमान आणि निकाल नाहीं.

ज्या घरांतील मुलें परदेशीं आहेत अशा सर्वच घरांत हा प्रश्न निघतो, व तो बहुधा विमानाच्या भाड्यावरून सोडविला जातो. भाडें पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्वस्त मिळालें म्हणून नको त्या महिन्यांत जाऊन, पंधरा दिवस खिडकींतून धुकें पाहून परत आलेलीं माणसें आमच्या ओळखीचीं आहेत. म्हणून हा घरगुती वाद वाचकांपुढें मांडतों.

प्रथम देशाची मांडणी ध्यानांत घ्यावी. ग्वाटेमाला हा आकारानें महाराष्ट्राच्या सुमारें एक-तृतीयांश. त्याची राजधानी उत्तर अक्षांश साडेचौदाच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कारवारच्या जवळजवळ त्याच रेषेवर. यावरून तेथें कारवारसारखा घाम येत असेल अशी आमची समजूत होती. ती सपशेल चुकीची ठरली. राजधानी सुमारें १५०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहूनहि उंच आहे. जुनी राजधानी आंतिग्वा तशीच. पश्चिमेकडील केत्साल्तेनांगो हें शहर तर २३०० मीटरांवर. उलट उत्तरेकडील पेतेन प्रांत, जेथें तिकालचीं प्राचीन माया मंदिरें आहेत, तो सखल, अरण्यमय व उष्ण. एकाच दिवशीं, एकाच देशांत, कोणी शाल पांघरून बसलेला असतो व कोणी पंख्याखालीं. तेव्हां "ग्वाटेमालाची हवा कशी असते ?" या प्रश्नास "किती उंचीवर ?" हा उलट प्रश्न केल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं.

दुसरी अडचण शब्दांची. आम्ही निघण्यापूर्वीं भाचेसुनेस दूरध्वनीवर विचारलें, "हवा कशी आहे ?" ती म्हणाली, "मामा, आतां इकडचा उन्हाळा सुरू होईल." आम्हीं लोकरीचे कपडे पेटींतून बाहेर काढून ठेविले. तेथें गेल्यावर पहिल्याच रात्रीं आमच्या कुटुंबाचे दांत वाजूं लागले, आणि तो दोष अर्थात् आमच्याकडे आला. मागाहून उलगडा झाला तो असा. तेथील लोक वर्षाचे दोनच ऋतु मानतात. मे ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ. त्यास ते 'इन्व्हिएर्नो' म्हणतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. त्यास 'वेरानो' म्हणतात. स्पेनमध्यें या शब्दांचे अर्थ अनुक्रमें हिंवाळा व उन्हाळा असे आहेत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक येथें आले ते आपल्या देशांतील ऋतूंचीं नांवें गांठीस बांधून आले. ढगाळ, ओला, उदास काळ त्यांना मायदेशच्या हिंवाळ्यासारखा वाटला असावा, आणि स्वच्छ उन्हाचा काळ उन्हाळ्यासारखा. परिणाम असा कीं, जानेवारींत केत्साल्तेनांगोच्या शेतांवर दहिंवर गोठतें तेव्हां पंचांगाबाहेरचा हा 'उन्हाळा' ऐन भरांत असतो.

ज्यांना संस्कृताची गोडी आहे त्यांच्यासाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. 'इन्व्हिएर्नो' हा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचें मूळ आणि आपल्या 'हिम', 'हेमन्त' यांचें मूळ एकच आहे. तसेंच 'वेरानो' ज्या लॅटिन शब्दापासून निघाला तो व आपला 'वसन्त' हे एकाच घराण्यांतले. म्हणजे हेमन्ताचा चुलतभाऊ तेथें वर्षाऋतूची नोकरी करीत आहे, आणि वसन्ताचा चुलतभाऊ शरद्, हेमन्त, शिशिर हे तिन्ही सांभाळून वर स्वतःचेंहि काम पाहत आहे. एकत्र कुटुंबांत असें होतें.

आतां पावसाविषयीं. आपला पाऊस एकदां लागला म्हणजे दिवसरात्रीचा विधिनिषेध ठेवीत नाहीं. तेथील डोंगराळ मुलखांतला पाऊस बहुधा वेळेचा पक्का असतो. सकाळ लख्ख, दहा-अकरापर्यंत ऊन, मग डोंगरमाथ्यांवर ढग जमूं लागतात, दुपारीं दोन-तीनच्या सुमारास धों धों पाऊस, रात्रीं पुन्हां निवळतें. जून व सप्टेंबर हे अधिक पावसाचे महिने. मध्यें जुलै-ऑगस्टांत कांहीं दिवस पाऊस दडी मारतो, त्यास ते 'कानिकुला' म्हणतात. तेव्हां जो मनुष्य पहांटे उठतो त्याला पावसाळाहि वर्ज्य नाहीं. (आमचे एक शेजारी साडेनऊस चहा घेतात, त्यांनीं पावसाळ्यांत जाऊं नये.) आल्ता वेरापास हा उत्तरेकडचा डोंगरी प्रांत मात्र या नियमास अपवाद. तेथें कोबान शहराभोंवतीं कोरड्या ऋतूंतहि बारीक झिमझिम चालूच असते. तिला तेथें 'चिपी-चिपी' असें गोड नांव आहे.

दादांच्या पक्षाचें म्हणणें आधीं मांडतों, कारण ते वडील आहेत व हें सदर वाचतात. ते २०२३ सालीं गेले तेव्हां हनुमान जयंती ६ एप्रिलास होती आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलास. हा योगायोग नव्हे. ईस्टरचा रविवार वसन्तसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. त्यामुळें ख्रिस्ती लोकांचा पवित्र सप्ताह आपल्या चैत्री पौर्णिमेच्या, क्वचित् फाल्गुनी पौर्णिमेच्या, आसपास येतो. त्या सप्ताहांत आंतिग्वा गांवीं जें होतें तें पाहून वहिनी अजून थक्क आहेत. घरोघरचीं माणसें रात्रभर बसून रस्त्यांवर रंगीत गालिचे घालतात. हे गालिचे सुताचे नव्हेत. लाकडाचा भुसा निरनिराळ्या रंगांत रंगवून, लाकडी साच्यांतून चाळून, फुलें व देवदाराच्या सुयांसारखीं पानें घालून काढलेली ती रस्ताभर लांबीची रांगोळीच होय. मग येशूची मूर्ति असलेला प्रचंड लाकडी चौरंग कित्येक जण खांद्यावर घेऊन त्यावरून डुलत डुलत जातात, आणि रात्रभर खपून काढलेला गालिचा दोन मिनिटांत विसकटतो. त्यासाठींच तो काढलेला असतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या दारची रांगोळी कोणी तुडविली तर आपण रागावतों, येथें बाई दारांत उभी राहून वाट पाहते कीं केव्हां तुडवितात." ग्वाटेमालांतील हा सप्ताह युनेस्कोनें २०२२ मध्यें मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदला.

ही बाजू भक्कम आहे. परंतु दादांनीं न सांगितलेला भागहि आहे, व तो आम्हांस भाच्याकडून कळला. त्या आठवड्यांत सारा देश सुटीवर असतो. आंतिग्वांत खोली मिळणें दुरापास्त, आणि मिळाली तर भाडें अवाच्या सवा. दुसरें, मार्च-एप्रिल म्हणजे कोरड्या ऋतूचा शेवट. शेतकरी पेरणीपूर्वीं रानें भाजतात, पेतेनकडे अरण्यांतहि वणवे लागतात, आणि सहा महिन्यांच्या धुळींत हा धूर मिसळून हवा गढूळ होते. आंतिग्वाभोंवतीं आग्वा, फ्वेगो व आकातेनांगो असे तीन ज्वालामुखी पर्वत उभे आहेत. तिन्ही ३७०० मीटरांहून उंच. दादांनीं काढलेल्या छायाचित्रांत ते दिसत नाहींत. दादा म्हणतात तो यंत्राचा दोष. तिसरें, ते तेथून तिकालला गेले. त्या दिवसांत पेतेनमध्यें पारा पस्तिशीच्या पुढें जातो. तिकालचें चौथ्या क्रमांकाचें मंदिर सुमारें ६५ मीटर उंच. त्यास बाजूनें लांकडी जिना आहे. दादा अर्ध्यावर बसले. वर जाऊन अरण्याच्या हिरव्या समुद्रांतून वर आलेलीं इतर मंदिरांचीं शिखरें पाहणें हेंच तिकालचें सार. तें दादांनीं वहिनींच्या तोंडून ऐकलें. आक्काला अशा उन्हांत तेथें नेणें हें आम्हांस तरी धाडस वाटतें.

आतां आमचा पक्ष. पावसाळा नुकताच संपत आलेला असतो. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवे. मक्याचीं कणसें वाळून काढणीस आलेलीं. आणि पावसानें धुतलेल्या हवेंत ते तिन्ही पर्वत इतके जवळ दिसतात कीं हात लावावा. फ्वेगो या नांवाचा अर्थच अग्नि. तो वारंवार धूर सोडतो. परंतु तें कौतुकानें पाहतांना ३ जून २०१८ विसरूं नये. त्या दिवशीं त्याच्या स्फोटानें पायथ्याचीं गांवें तप्त राखेखालीं गाडलीं. ज्वालामुखीला ऋतु नसतो.

आणि या संधिकालाचा खरा मान १ नोव्हेंबरास. त्या दिवशीं तेथील लोक आपल्या मृत आप्तांच्या थडग्यांवर जातात. सान्तियागो साकातेपेकेस व सुंपांगो हीं राजधानीपासून थोड्या अंतरावरचीं दोन माया गांवें. तेथें त्या दिवशीं बांबूच्या सांगाड्यावर पातळ रंगीत कागद चिकटवून केलेले राक्षसी पतंग उभे करतात. कांहींचा व्यास पंधरा मीटरांहूनहि अधिक असतो. गांवांतील तरुणांच्या टोळ्या महिनेच्या महिने रात्रीं जागून ते तयार करतात. कागदाचा तुकडा तुकडा कापून चित्रें जुळविलेलीं. जवळून पाहिलें तर पैठणीच्या पदरासारखें काम. सर्वांत मोठे पतंग उडत नाहींत, केवळ वाऱ्यावर उभे राहून थरथरतात. लहान असतात ते थडग्यांमधून धांवत जाऊन पोरें उडवितात. वाऱ्यानें कागद फडफडतो, त्या आवाजानें दुष्ट आत्मे दूर पळतात, आणि दोरीवाटे गेलेल्या माणसांस निरोप पोंचतो, असें गांवकरी सांगतात. पतंग करण्याची ही कला युनेस्कोनें २०२४ मध्यें आपल्या यादींत घेतली. ऋतूशीं याचा संबंध उघड आहे. पाऊस थांबला कीं उत्तरेचा वारा सुरू होतो, आणि ओल्या हवेंत कागदाचा पतंग टिकत नाहीं. शाळांचें वर्षहि जानेवारींत सुरू होऊन ऑक्टोबरांत संपतें, त्यामुळें मुलें मोकळीं असतात. पावसाळा सरतांच पितरांची आठवण काढावी हें आपणांस नवीन नाहीं. आपल्याकडे भाद्रपद वद्यांत कावळ्यास हांक मारतात, तेथें पतंगाची दोरी सैल सोडतात.

त्या स्मशानांत पाऊल टाकतांच आमचें कुटुंब म्हणालें, "अगो बाई, दसऱ्याचा बाजार !" सर्वत्र झेंडू. थडग्यांवर झेंडू, वाटांवर झेंडूच्या पाकळ्या. तेथें त्याला 'मृतांचें फूल' म्हणतात. आपल्या तोरणांतला झेंडू मूळचा आपला नव्हे. तो मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतूनच जगभर पसरला. ज्या फुलावांचून आपला दसरा होत नाहीं तें फूल त्यांच्या माहेरचें. याची परतफेडहि झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं एका जर्मन मळेवाल्यानें हिंदुस्थानची वेलची आल्ता वेरापासच्या डोंगरांत नेऊन लावली. त्या चिपी-चिपी झिमझिमींत ती अशी मानवली कीं ग्वाटेमाला आज जगांतील सर्वांत मोठ्या वेलदोडा-निर्यातदारांपैकीं एक आहे. पावसाळा सरतां सरतां तोडणी सुरू होते. गंमत अशी कीं तेथील लोक वेलदोडा खात नाहींत; बहुतेक माल अरब देशांत कॉफींत घालण्यासाठीं जातो. भाच्याच्या घरीं एका पाहुण्या बाईंनीं श्रीखंडांतला दाणा दांताखालीं आल्यावर "हें औषध का ?" म्हणून विचारलें. त्या बाई कोबानच्या !

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, शाकाहारी माणसाचे हाल होत नाहींत. मक्याच्या भाकऱ्या, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलीं राजाळी केळीं यांवर दिवस निघतो. उसळ डुकराच्या चरबींत परतलेली नाहीं ना, एवढें मात्र दर ठिकाणीं विचारावें. १ नोव्हेंबरचें मुख्य पक्वान्न 'फियांब्रे' हें मांसमिश्रित असतें, तें वर्ज्य. परंतु त्याच सुमारास गुळांत दालचिनी घालून शिजविलेला भोपळा मिळतो, तो आक्काला नक्की आवडेल.

असा आमचा पक्ष. येथेंच थांबलों असतों तर दादांवर विजय मिळविल्यासारखें झालें असतें. पण आम्हीं मुलांना चाळीस वर्षें सांगितलें आहे कीं उदाहरण सोडवितांना नको असलेली राशि खोडून टाकूं नये. ती राशि अशी. आमचा हा सुंदर संधिकाल वादळांचाहि आहे. कॅरिबियन समुद्रांतील झंझावातांचा मोसम नोव्हेंबर-अखेर संपतो, आणि ग्वाटेमालाला बसलेले जबर तडाखे पावसाच्या शेवटीं बसलेले आहेत. कारण सहा महिन्यांच्या पावसानें डोंगर आधींच भिजून फुगलेले असतात. १९९८ मध्यें ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर 'मिच' आलें. ऑक्टोबर २००५ मध्यें 'स्टॅन'च्या पावसानें आतित्लान सरोवराकांठचें पानाबाख हें गांव चिखलाखालीं गेलें. ५ नोव्हेंबर २०२० रोजीं 'एटा' वादळाच्या पावसानें आल्ता वेरापासमधील केखा या गांवावर डोंगर कोसळला. आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीं 'इओटा' हें दुसरें वादळ आलें. म्हणजे ज्या आठवड्यांत आम्ही झेंडूचीं फुलें पाहत फिरलों त्याच आठवड्यांत एखाद्या वर्षीं रस्तेच्या रस्ते वाहून जातात. दर वर्षीं असें होतें असें नाहीं. पण होतें, आणि होतें तेव्हां परदेशी पाहुणा उपाहारगृहांत अडकून पडतो आणि तेथला मनुष्य घरासकट जातो.

सुरक्षितच पाहिजे असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य हा काळ निवडावा. पाऊस गेलेला, हिरवळ अजून राहिलेली, नाताळची गर्दी यावयाची, तिकाल सुसह्य. पतंग तेवढे हुकतात. डिसेंबर-जानेवारींत रात्रीं कडाक्याची थंडी. दमेकऱ्यांनीं उंच गांवीं मुक्काम टाळावा. फेब्रुवारी बरा. ज्यांना केत्साल हा लांब पिसांचा राष्ट्रीय पक्षी पाहावयाचा आहे त्यांनीं त्याच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते जून, वेरापासच्या धुक्यांतल्या रानांत जावें. पण त्यासाठीं पहांटे चारला उठावें लागतें. सेमुक चांपेइचे निळेहिरवे डोह मात्र मोठ्या पावसांत गढूळ होतात, हें पावसाळ्यांत जाणारांनीं समजून असावें.

ऋतूप्रमाणें तासहि पाहावा लागतो. आतित्लान सरोवर हें तीन ज्वालामुखींच्या कुशींत, सुमारें १५६० मीटरांवर पसरलेलें नितळ पाणी. सकाळीं तें आरशासारखें असतें. दुपारीं बाराच्या सुमारास 'शोकोमिल' नांवाचा वारा सुटतो. पाप वाहून नेणारा वारा असा त्याचा अर्थ लोक सांगतात. भाच्यानें आदल्या रात्रीं बजावलें होतें कीं परतीची नाव अकराच्या आंत पकडा. आम्ही एका विणकराच्या माग-खोलींत गप्पा मारीत बसलों आणि दीडची नाव पकडली. ती नाव लाटांवर जी आपटूं लागली ती अर्धा तास. कुटुंबानें एका हातानें फळी व दुसऱ्या हातानें आमचा सदरा घट्ट धरला होता. आमचें पाप किती वाहून गेलें कोण जाणे. सदऱ्याचीं दोन बटणें गेलीं.

भाच्याच्या घरीं स्वयंपाकास मदत करणारी एक काक्चिकेल बाई येते. घरांत चाललेला हा महिन्यांचा खल ऐकून भाचेसुनेनें तिलाहि विचारलें, "तुम्हांला कोणता ऋतु उत्तम वाटतो ?" ती क्षणभर पाहतच राहिली. मग म्हणाली, "इन्व्हिएर्नो वेळेवर लागला तर तोच." डोंगराळ भागांत मक्याचें पीक वर्षांतून एकच. पहिल्या पावसावर पेरलेला मका नोव्हेंबरपासून पुढें घरांत येतो. आणि पुढल्या मे-जूनपर्यंत कणगी रिकामी होऊं लागते. तेथून नवें पीक येईपर्यंतचे महिने विकत घेऊन खाण्याचे, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याला उपासाचे. देशाच्या पूर्वेकडे तर 'कोरडा पट्टा' म्हणूनच एक भाग आहे. तेथें जुलै-ऑगस्टमधली कानिकुला लांबली कीं पीक उभ्या उभ्या वाळतें. २०१८ सालीं तसेंच झालें. आम्हां पाहुण्यांच्या पुस्तकांत ज्या कोरड्या दिवसांपुढें फुली मारून 'उत्तम हवा' लिहिलेलें असतें, ते दिवस ऐन पावसाळ्यांत आले तर त्या बाईच्या गांवीं काय होतें तें आमच्या पुस्तकांत नव्हतें. आम्हीं त्या पानावर पेन्सिलीनें तें लिहून ठेविलें आहे.

आतां आक्काचें. तिचे यजमान जाऊन तीन वर्षें झालीं. श्राद्धतिथि भाद्रपदांत, ती थोरल्या मुलाकडे, स्वतःच्या देखरेखीखालीं व्हावी असा तिचा आग्रह असतो. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठ आल्यामुळें सगळेच सण पुढें गेले. सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरास, दसरा २० ऑक्टोबरास, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरास. भाऊबीज करून निघावें तर पतंगांचा दिवस गेलेला. आम्हीं पंचांग, विमानांचें वेळापत्रक व वादळांची यादी असें तिन्ही तिच्यापुढें मांडलें आणि सांगितलें कीं भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यास निघ. वादळाची धास्ती कमी, गर्दी नाहीं, नातवंडांना सुटी. पतंग काय, चित्रांत पाहतां येतात. दादांनींहि, चैत्र दूर आहे हें पाहून, यास मान्यता दिली. दोन्ही पक्ष प्रथमच एक झाले.

आक्कानें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मी दसरा झाला कीं निघेन."

दादा म्हणाले, "अगं, दिवाळी ?"

"दिवाळी त्याच्याकडे करीन. पांच वर्षांत त्याच्या घरांत आकाशकंदील एकट्या सुनेनेंच लावला आहे."

"आणि वादळ आलें तर ?" आम्हीं विचारलें. "घाटांत कोठें अडकलीस तर ?"

"तर घरांत बसेन. मी रत्नागिरीची आहे रे, पावसाला काय भ्यायचें ? घाटांत नाहीं गेलें तरी चालेल मला. तें तुझें मंदिर, तें सरोवर, राहिलें तर राहूं दे. पण एक तारखेला त्या पतंगांच्या गांवीं मला नेऊन आण म्हणावें." मग थोड्या वेळानें, आमच्याकडे न पाहतां, "ह्यांना पतंगाचें फार वेड होतें. मांजा घोटतांना बोटें कापून घ्यायचे."

यावर कोणी बोललें नाहीं. भाच्यास त्याच रात्रीं कळविलें. तेथील घड्याळ आपल्यापेक्षां साडेअकरा तास मागें असल्यामुळें आपल्या रात्रीं त्याची सकाळ असते. तो कामावर निघण्याच्या गडबडींत होता. तो म्हणाला कीं सुंपांगोला गर्दी फार होते, वृद्धांना धक्के बसतात. आईला पहांटेच सान्तियागोला नेतों, तेथें ओळखीच्या एका घरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतां येईल, आणि दहाच्या आंत परत येऊं. त्या महिन्यांत वादळाची सूचना निघाली तर शहराबाहेर पाऊल टाकणार नाहीं, रात्रीं तर गाडीनें कोठेंच जाणार नाहीं, असेंहि त्यानें कबूल केलें आहे.

तिकिटें २२ ऑक्टोबरचीं निघालीं. वहिनी सामानाची यादी करीत आहेत : दोन लोकरीचे सदरे, पायमोजे, कानटोपी, छत्री, गुडघ्याचें तेल, उटण्याची पुडी, आकाशकंदिलाचा कागद. वेलदोडे न्यावे कीं नाहींत यावर मात्र घरांत पुन्हां दोन पक्ष पडले आहेत.